नायिका इतकी गुणी, की कथेला कामच उरत नाही

उंबरठा | रविवार, रात्री १०.१५

यंदा आमच्या गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गणपती बसले तेव्हा पहिली उघडली, घट बसले तेव्हा शेवटची मिटली. साठेक असतील. लिहिणारे सगळे हौशी. शिक्षक, गृहिणी, एक एसटी कंडक्टर, कॉलेजची दोन-तीन पोरं. भाषा बरी होती, काहींची तर हेवा वाटावा अशी. पण निम्म्या कथांत मला एकच बाई भेटली. नाव दर वेळी वेगळं, बाई तीच.

तिला आपण ईश्वरी म्हणू. (पाच-सहा कथांतलं एकत्र कालवून लिहितोय, कुणा एकीची उचललेली नाही.) ईश्वरी बावीस वर्षांची. आयआयटी झाली, मग आयआयएम, मग पहिल्याच प्रयत्नात यूपीएससी, आता जिल्हाधिकारी. गाण्यात विशारद. कराटेत ब्लॅक बेल्ट. पुरणपोळी अशी की सासूबाई हात जोडतात. डोळे घारे, केस कमरेखाली, आणि एवढं असून 'तिला आपल्या रूपाची जाणीवच नव्हती'. घरात आरसा नसावा. गावगुंड तिला पाहून सुधारतात. दुष्ट जाऊबाई चौथ्या पानावर पाय धरतात.

गुणी माणसांचं मला वावडं नाही. माझी मावशी शिवण करून तीन मुलांना शिकवून वर भजनी मंडळाची पेटी वाजवायची. ती खरीखुरी होती. ईश्वरीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या पानानंतर पुढे वाचायचं कारणच उरत नाही. अडचण येते ती सुटायलाच येते. तिच्याशी जो असहमत होतो तो एक तर मूर्ख असतो नाहीतर दुष्ट.

असं का होतं? आणि लिहिणाऱ्याला न दुखावता सांगायचं कसं? मला काही 'साभार परत'ची पत्रं लिहायची आहेत, म्हणून कळकळीने विचारतोय.

---

तिरकस | रविवार, रात्री १०.३१

आधी वयाचा हिशेब. बारावी अठराव्या वर्षी, बी. टेक. बाविसाव्या. म्हणजे ही पदवीदानाच्या झग्यातच कलेक्टर झाली. आयएएसची निवड झाल्यावर मसुरीच्या अकादमीत आणि मग एखाद्या जिल्ह्यात प्रशिक्षण असतं, त्यानंतर प्रांताधिकारी म्हणून नेमणूक, कलेक्टरची खुर्ची त्याच्याही काही वर्षं पुढे. आमच्या कथालेखकांना मधली माणसं ठाऊकच नसतात. कथेत सगळे थेट कलेक्टर. नायब तहसीलदारावर कुणी प्रेम करत नाही.

---

सा_रे_म_प | रविवार, रात्री ११.०२

तिरकस, हसले. पण माझं दुखणं 'गाण्यात विशारद' हे दोन शब्द आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात परीक्षा. मी मध्यमा पूर्णला दोनदा बसले. पहिल्या वेळी परीक्षकांनी झपताल हातावर धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगितली, आणि माझी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली ती आजतागायत सापडलेली नाही. घरी येऊन आईला सांगितलं की पेपर बरा गेला. निकाल लागेपर्यंत दोन महिने मी त्या खोट्यासोबत जेवले-झोपले.

उंबरठा, माझी कथा लिहायची झाली तर ती त्या दोन महिन्यांची होईल. विशारदचं प्रमाणपत्र कपाटात आहे, त्याच्यावर दोन ओळी सुचत नाहीत.

---

शहामृग | रविवार, रात्री ११.०९

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अडगळीतला_ग्रंथपाल | सोमवार, सकाळी ७.२०

या ईश्वरीला जगभर एक नाव आहे: मेरी सू. आणि ते नाव हौशी लेखनातूनच आलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका १९६९ मध्ये बंद पडली, पण चाहत्यांनी तिला मरू दिलं नाही. ते सायक्लोस्टाइल केलेल्या, स्टेपल मारलेल्या छोट्या अंकांतून त्याच पात्रांवर आपापल्या कथा लिहू लागले. लिहिणाऱ्यांत बायका बऱ्याच. अशा कथांत वारंवार एक तरुण मुलगी अवकाशयानावर यायची, सगळ्यांना जिंकायची आणि बहुधा शेवटी मरायची. त्याला वैतागून पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये 'मिनॅजरी' नावाच्या अशाच एका अंकात जेमतेम पानभराचं विडंबन लिहिलं. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. कप्तान पाहताक्षणी प्रेमात पडतो आणि जरा कॉफी आणतो म्हणून यान तिच्या हाती सोपवून जातो. कैदेत पडल्यावर ती केसातल्या पिनेने कुलूप उघडते. बडे अधिकारी आजारी पडतात तेव्हा एकटी यान चालवते आणि नोबेल शांतता पुरस्कार मिळवते. मग मरते. सगळे ओक्साबोक्शी रडतात आणि तिच्या वाढदिवसाला यानावर सुट्टी जाहीर होते.

शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपण मेल्यावर कोण कोण रडेल हे दृश्य लहानपणी पांघरुणात शिरून सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. हौशी लेखक ते कागदावर उतरवतो, एवढाच त्याचा गुन्हा.

---

ओवी_७ | सोमवार, सकाळी ९.४४

ग्रंथपालकाका, छान माहिती. पण अर्धीच सांगितलीत.

ते नाव पुढे शिवी झालं. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी या चाहत्या लेखिकांचा अभ्यास करून १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांना अशा बायका भेटल्या ज्या कथेत नवी स्त्री आणायलाच कचरत होत्या. आणली की लोक मेरी सू म्हणणार. मग लिहा आपलं पुरुषांवरच. म्हणजे विडंबन एकीने केलं आणि वाळीत सगळ्याच पडल्या.

आणि आता घरचंच बघा. उंबरठा, तुम्ही बाई तेवढी मोजलीत. त्याच गठ्ठ्यातले नायक कसे होते? माझा अंदाज सांगते. सहा फूट उंच, बोलणं कमी, गाडी काळी. अब्जाधीश, पण आश्रमशाळेला गुपचूप देणगी. दहा जणांना एकटा लोळवतो आणि नंतर बासरी वाजवतो. बरोबर?

---

उंबरठा | सोमवार, सकाळी १०.०५

ओवी_७, बासरीऐवजी गिटार होतं. बाकी तंतोतंत. आणि खरं सांगायचं तर ते मला खटकलं नव्हतं. नायक आहे तर असणारच, असं म्हणून पुढे गेलो होतो. खजील झालो.

---

पेठकर_काका | सोमवार, दुपारी १२.५०

आदर्श नायक ही आपली परंपराच आहे, त्याला नावं ठेवायचं काय कारण? संस्कृत नाट्यशास्त्रात धीरोदात्त नायक सांगितलाय तो उगाच? पाश्चात्त्यांचं सगळं आलं की आपण आपल्याला हसायला मोकळे.

---

अडगळीतला_ग्रंथपाल | सोमवार, दुपारी ३.१५

पेठकर, चांगला मुद्दा काढलात, कारण परंपरा तुम्हाला वाटते तितकी भोळी नाही.

धनंजय नावाच्या शास्त्रकाराच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात (दहावं शतक) धीरोदात्ताची लक्षणं दिली आहेत. महासत्त्व, अतिगंभीर, क्षमावान, स्वतःची बढाई न मारणारा, स्थिर, दृढव्रत. आणि या यादीत मधेच एक शब्द बसलाय: निगूढाहंकार. म्हणजे अहंकार आहे, तो झाकून ठेवलाय. सर्वांत थोर नायकाच्या व्याख्येतच शास्त्रकाराने झाकलेली ठिणगी ठेवली. नाटक पेटायचं तर ती हवीच की.

आता वाल्मीकी. रामायणाची सुरुवातच 'मला परिपूर्ण माणूस दाखवा' अशी आहे. वाल्मीकी नारदाला विचारतात, आज या जगात गुणवान कोण, वीर्यवान कोण, धर्मज्ञ कोण, कृतज्ञ कोण. लांबलचक यादी आहे, ईश्वरीच्या बायोडाटासारखीच. नारद म्हणतात, हे गुण पुष्कळ आहेत आणि दुर्मीळ आहेत, तरी असा एक आहे. पण पुढे कवीने त्या माणसाला काय काय करायला लावलं पहा. झाडाआडून वालीला बाण. मरता मरता वाली तोंडावर विचारतो की हा कुठला धर्म? आणि कवी वालीचं बोलणं मधे तोडत नाही, भरपूर बोलू देतो. त्यावर रामाने दिलेलं उत्तर पटलं का, यावर लोक आजही भांडतात. एकाच्याही मनात 'दुसऱ्या पानानंतर कंटाळा आला' असं आलेलं नाही.

आणि धर्मराज. आधी त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला म्हणताना 'हत्ती' हळूच पुटपुटला आणि रथ खाली टेकला. ईश्वरीचा रथ शेवटपर्यंत चार बोटं वरच असतो.

---

तिरकस | सोमवार, दुपारी ३.४०

ग्रंथपालांना दंडवत. आता कुणी इतिहासातल्या थोर पुरुषांवरच्या कादंबऱ्यांचा विषय काढण्याआधी हात जोडून सांगतो, नका काढू. धाग्याचं कुरुक्षेत्र होईल आणि संपादक कुलूप लावतील.

---

शहामृग | सोमवार, दुपारी ३.५२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

तिरकस | सोमवार, दुपारी ३.५५

वाचलो.

---

कोकणकडा | सोमवार, संध्याकाळी ६.३०

मला वाटतं कौशल्याला उगाच बदनाम करतोय आपण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बन्या. सायकल वाऱ्यासारखी हाकणार, चोर पकडणार, संकटात उडी घेणार. काय करत नाही तो? तरी लहानपणी एकदाही तो खोटा वाटला नाही. कारण पोरगं किडकिडीत, नको तिथे नाक खुपसणारं, अडचणीत सापडतं ते स्वतःच्या उचापतीमुळे. आणि 'ट्टॉक' करायची ती सवय. आम्ही शाळेत जीभ टाळ्याला लावून लावून मार खाल्लाय. ईश्वरी तोंडाने कसला आवाज काढते? काहीच नाही. तिला साधी खाज येत नाही.

---

सा_रे_म_प | सोमवार, रात्री ८.१५

'तिला साधी खाज येत नाही' :)))

पण कोकणकडा, याचा उलटा तोटाही झालाय. कुणीतरी लेखन कार्यशाळेत सांगतं, पात्राला एखादा दोष द्या. मग काय, ईश्वरी 'जरा वेंधळी' होते. जिन्यावरून पडते ती नेमकी नायकाच्या हातात. किंवा 'तिचा एकच दोष, ती दुसऱ्यांचा फार विचार करायची'. नोकरीच्या मुलाखतीत 'माझा दोष म्हणजे मी फार काम करतो' सांगतात ना, तसला दोष. ज्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही तो दोष कसला, तो दागिनाच.

---

नवी_पाटी | सोमवार, रात्री ११.४८

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

तुमच्या वाचनालयात मी काही पाठवलेलं नाही. पण ईश्वरी माझीच आहे. माझ्या कादंबरीत तिचं नाव वेगळं आहे आणि ती कलेक्टरच आहे. बावीस नाही, चोवीस. (तिरकस, नोंद घ्या.) एका ॲपवर भाग भाग करून टाकते. सत्तराच्या पुढे भाग झालेत.

मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर असते. सकाळी सातला शटर. उपाशीपोटी आलेली माणसं, त्यांचे नातेवाईक, रिपोर्टची घाई, सुट्ट्या पैशांवरून वाद. डॉक्टर मला 'ए' म्हणून हाक मारतात. दहा वर्षं झाली, नाव माहीत आहे त्यांना. संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात दाराशेजारी टेकायला मिळालं की मोबाइलवर लिहिते. तेवढा पाऊण तास माझ्या नायिकेला कुणी 'ए' म्हणत नाही. ती आली की लोक उठून उभे राहतात. मला ते फार आवडतं. तुम्ही सगळे हसताय ते बरोबरच असेल, पण मला ते फार आवडतं.

आणखी एक. मी एकदा तिला चुकवून पाहिलं होतं. चाळिसाव्या भागात ती सासूवर ओरडते आणि माफी मागत नाही. त्या भागाला इतक्या कमी चांदण्या मिळाल्या की मी रडले. 'आमची लाडकी असं वागूच शकत नाही', 'लेखिकाताई तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती'. पुढच्या भागात मी सासूलाच दवाखान्यात टाकलं आणि हिला रात्रभर उशाशी बसवलं. चांदण्या परत आल्या.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ६.१०

नवी_पाटी, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हसलो त्याबद्दल क्षमा करा.

एक सांगू? तुमच्या या तीन परिच्छेदांत जी बाई आहे ती मला गठ्ठ्यातल्या साठ कथांत भेटली नाही. दहा वर्षं 'ए' ऐकून घेणारी. तुम्ही काउंटरच का लिहीत नाही?

---

नवी_पाटी | मंगळवार, सकाळी ६.३५

दिवसभर तिथेच असते ना दादा. संध्याकाळी पण तिथेच जाऊ?

---

ओवी_७ | मंगळवार, सकाळी ८.२०

हे उत्तर कोरून ठेवा कुणीतरी. 'जे जगता ते लिहा' हा सल्ला देणारे बहुधा बरं जगत असतात.

नवी_पाटी, तुमची कलेक्टर तुमच्याकडेच ठेवा. आणि त्या चाळिसाव्या भागाचं वाईट वाटून घेऊ नका. वाचणाऱ्यांनाही कुठेतरी कुणी 'ए' म्हणतच असणार. त्यांनाही ती पडलेली बघवत नाही. पण ओरडण्याचा तो भाग तुम्ही लिहिला होतात, कुणी न सांगता. हात योग्य जागी गेला होता.

---

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ९.०५

+१. ताई, एखादा परिच्छेद इथे टाका ना. फाडणार नाही, शब्द देतो. तिरकसला मी धरून ठेवतो.

---

नवी_पाटी | मंगळवार, रात्री ९.५०

धीर करून टाकतेय. नाव ईश्वरीच ठेवलं, आता तेच तोंडात बसलं.

"ईश्वरी दालनात शिरली आणि सगळे आपोआप उठून उभे राहिले. साध्या सुती साडीतही ती एखाद्या राजकन्येसारखी दिसत होती. दारात एक गरीब म्हातारा हात जोडून उभा होता. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. 'बाबा, तुमचं काम आत्ता होईल,' ती मधाळ आवाजात म्हणाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. 'पोरी, तू माणूस नाहीस, देवी आहेस.'"

---

तिरकस | मंगळवार, रात्री १०.०४

शब्द दिलाय म्हणून सौम्य बोलतो. म्हातारा घरून निघाला कधी? एसटी किती वाजताची? दाखला कशासाठी हवाय? तो माणूस आधी माणूस होऊ दे, मग हिला काय म्हणायचं ते त्याला ठरवू दे. आत्ता तो फक्त 'देवी' म्हणायला रोजंदारीवर आणलाय.

---

सा_रे_म_प | मंगळवार, रात्री १०.२२

तिरकस चक्क कामाचं बोलला. माझी एकच भर. तुमच्या काउंटरवर असा म्हातारा कधी आला असेल. तेव्हा तुम्ही मधाळ आवाजात बोललात का? खरं सांगायची सक्ती नाही.

---

नवी_पाटी | बुधवार, रात्री १०.४०

नव्हते बोलले. काल रात्री तेच आठवत बसले. आज ट्रेनमध्ये हे लिहिलं.

"म्हातारा सकाळी साडेपाचच्या एसटीने निघाला होता. नातीच्या वसतिगृहाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागत होता आणि अर्जाची मुदत आज संपत होती. ईश्वरीसमोर पोचेपर्यंत साडेबारा झाले. सकाळपासूनचा तो एकेचाळिसावा. तिने कागद उलटसुलट केले. 'रेशनकार्डाची झेरॉक्स कुठंय?' तो पिशवीत शोधू लागला. भाकरीचं फडकं बाहेर आलं, औषधाची बाटली आली, झेरॉक्स आली नाही. 'घरी ऱ्हायली बहुतेक, बाई.' 'मग घरून घेऊन या,' ती म्हणाली आणि पुढच्याकडे हात केला. आवाज चढवला नव्हता. चढवायची गरजच नव्हती. म्हाताऱ्याने फडकं नीट घडी करून परत पिशवीत ठेवलं. दुपारी डबा उघडताना तिला आठवलं की झेरॉक्सचं मशीन तिच्याच दालनाबाहेर होतं आणि मूळ रेशनकार्ड त्याच्या हातात होतं. ती खिडकीपाशी गेली. आवारात कुणी नव्हतं. तिने डबा खाल्ला."

शेवटचं वाक्य तीनदा काढलं, तीनदा परत घातलं.

---

उंबरठा | बुधवार, रात्री १०.५८

राहू द्या ते वाक्य.

---

ओवी_७ | बुधवार, रात्री ११.०१

भाकरीचं फडकं. आज झोप लागणार नाही बहुतेक.

---

पेठकर_काका | बुधवार, रात्री ११.१५

परिच्छेद उत्तम आहे, पण तीस वर्षं महसूल खात्यात काढली म्हणून सांगतो. उत्पन्नाचा दाखला जिल्हाधिकारी देत नाहीत. तलाठ्याचा अहवाल लागतो आणि सही तहसीलदाराची असते. कलेक्टरपुढे एकेचाळीस म्हातारे दाखल्यासाठी रांगेत उभे राहत नाहीत.

---

नवी_पाटी | बुधवार, रात्री ११.२०

अय्या. मग ईश्वरीला तहसीलदार करते.

---

तिरकस | बुधवार, रात्री ११.२२

एमपीएससी? पहिल्याच प्रयत्नात?

---

नवी_पाटी | बुधवार, रात्री ११.३१

तिसऱ्या. दुसऱ्या वेळी पूर्वपरीक्षाच निघाली नव्हती आणि तिने घरी सांगितलं होतं की पेपर बरा गेला. (सा_रे_म_प, तुमचं उचललंय, चालेल ना?)